एमआरआय बघून सांगता येईल का, माझा दीर शुद्धीवर येईल की नाही?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझा धाकटा दीर २६ वर्षांचा आहे. १९ दिवसांपूर्वी रात्री त्याची मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. हेल्मेट नव्हतं. पहिल्या रात्री सिटीस्कॅन बघून ‘थोडी सूज आहे, ऑपरेशन नको’ म्हणाले, तेव्हा हायसं वाटलं. शुद्ध येईना म्हणून आठव्या दिवशी एमआरआय केला, त्यात ‘डीएआय ग्रेड ३’ आलं. तेव्हापासून सगळे म्हणतात, फार आशा ठेवू नका. आता व्हेंटिलेटर काढलाय, गळ्याला नळी आहे. चार दिवस झाले, डोळे उघडतो, पण सांगितलेलं काही करत नाही. सासूबाई म्हणतात, तो मला ओळखतो. शेजारी म्हणतात, अरुणा शानबागसारखं होणार. मेंदू आतून विचार करतोय का हे दाखवणारा स्कॅन मोठ्या शहरात होतो असं ऐकलं, त्यासाठी सासरे अर्धा एकर गहाण टाकायला निघालेत. काय करावं?
– एक वहिनी, ता. कराड

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण गहाणखत एकदा झालं की झालं. त्या स्कॅनसाठी जमीन गहाण टाकू देऊ नका. का, ते सांगतेच.

मी रेडिओलॉजिस्ट. गेली २२ वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून असेच फोटो वाचते. तुमच्या कागदावरचं ‘ग्रेड ३’ माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलंय, म्हणून त्याचा अर्थ उलगडून सांगणं मला माझंच काम वाटतं.

वेगात असलेलं डोकं हिसका बसून गर्रकन फिरलं, की आतला मऊ मेंदू पिळवटतो आणि त्यातले बारीक तंतू ताणले जातात. यालाच डीएआय म्हणतात. बैलाने जोरात ओढ घेतली तर कासरा तुटत नाही, पण त्याचा पीळ उसवतो, तसं. सिटीस्कॅनला रक्ताची गाठ दिसते, मोडलेलं हाड दिसतं, सूज दिसते. हा उसवलेला पीळ बहुतेक वेळा दिसत नाही. त्यामुळे पहिल्या रात्री तुमच्यापासून कुणी काही लपवलं असं मनात आणू नका. एमआरआयच्या एका खास पद्धतीत मात्र फाटलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं रक्त तीळ सांडल्यासारखं काळं उठून दिसतं. हे तीळ मोठ्या मेंदूच्या पांढऱ्या भागातच असले तर ग्रेड १, दोन्ही अर्धांना जोडणाऱ्या पट्ट्यात असले तर २, आणि खाली ब्रेनस्टेमपर्यंत, म्हणजे मेंदूच्या देठापर्यंत, गेले असले तर ३.

ही प्रतवारी आली कुठून, हे फार थोड्या नातेवाइकांना कुणी सांगतं. १९८९ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी ती मांडली, ती डोक्याला मार लागून दगावलेल्या माणसांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून. त्यातला एकही रुग्ण जिवंत नव्हता. तीच पट्टी आज आपण श्वास घेणाऱ्या मुलाच्या एमआरआयला लावतो. पट्टी चुकीची नाही. सरासरीने ग्रेड ३ वाल्यांचं १ वाल्यांपेक्षा वाईटच होतं, ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण ब्रेनस्टेमच्या एका कडेला एक तीळ आणि मागच्या बाजूला दोन्हीकडे पसरलेले तीळ, दोन्हींना आम्ही ‘३’च लिहितो. आणि या दोन रुग्णांत खूप फरक असतो. तेव्हा तिथल्या रेडिओलॉजिस्टला जाऊन विचारा : तीळ नेमके कुठे आहेत, एका बाजूला की दोन्ही?

अंदाज बांधायला नुसता फोटो पुरत नाही, हे आम्हीही जाणतो. २००८ मध्ये १०,००८ रुग्णांच्या नोंदींवरून एक गणित तयार झालं, त्यात स्कॅनबरोबर वय, शुद्धीचा स्कोअर, डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला आकसतात का, बाकी शरीराला किती मार आहे, हे सगळं घालावं लागतं. तुमच्या दिराचं वय त्याच्या बाजूने आहे. पण गणिताने ‘वाईट होण्याची शक्यता ७० टक्के’ म्हटलं, तर ते शंभर जणांबद्दल असतं. त्या सत्तरांत तुमचा दीर आहे की तिसांत, हे गणित सांगत नाही.

आता ‘आशा ठेवू नका’बद्दल. २०१८ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय, की पहिले २८ दिवस तरी अशा रुग्णांच्या बाबतीत ‘सगळ्यांचं वाईटच होतं’ असं सुचवणारं काही डॉक्टरांनी बोलू नये. तुम्ही १९ व्या दिवशी आहात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्याच एका मोठ्या अभ्यासात, दोन आठवड्यांनंतरही ज्यांच्यात जाणिवेची कसलीच खूण नव्हती अशा ७९ जणांपैकी ६२ जण वर्षभरात शुद्धीवर आले. पुढचंही ऐका : आपण कोण, कुठे, आज कोणता दिवस, हे नीट सांगता येण्यापर्यंत साधारण चौघांतला एकच पोहोचला. शुद्धीवर येणं आणि पूर्वीसारखं होणं यांत मोठं अंतर आहे. दोन्ही आकडे सासऱ्यांना सांगा, एकच नको. आणि ते रुग्ण तिथल्या मोठ्या ट्रॉमा सेंटरमधले होते, हेही सांगा.

अरुणा शानबागांचं नाव आपल्याकडे लगेच निघतं. ते स्वाभाविक आहे, ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना जिवापाड सांभाळलं. पण त्यांचा गळा आवळला गेला होता, मेंदूचा प्राणवायू तुटला होता. ती इजा वेगळी. तिच्यात तीन महिन्यांनंतर सुधारणेची शक्यता फार कमी होते. अपघाताच्या माराला वर्षभर वाट पाहायची असते. शेजाऱ्यांना हे शांतपणे सांगून टाका.

आणि तो स्कॅन. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये अपघातानंतर निपचित पडलेल्या २३ वर्षांच्या एका मुलीला फंक्शनल एमआरआयमध्ये ‘टेनिस खेळतेस अशी कल्पना कर’ म्हणून सांगितलं आणि निरोगी माणसाचा उजळतो नेमका तोच भाग तिच्याही मेंदूत उजळला. त्यावरचा लेख मी दोनदा वाचला होता, हात थरथरत होते. २०२४ च्या अभ्यासात असे निपचित वाटणारे २४१ रुग्ण होते, त्यांपैकी ६० जण स्कॅन किंवा ईईजीत (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) आतून प्रतिसाद देत होते. पण त्याच अभ्यासात जे ११२ जण उघडपणे सांगितलेलं ऐकत होते, त्यांच्यातही फक्त ४३ जणांचा प्रतिसाद यंत्राला पकडता आला. म्हणजे स्कॅन कोरा आला, तरी आत कुणी नाही असं म्हणता येत नाही. आणि कोऱ्या स्कॅनचा कागद हातात घेऊन लोक सही करून रुग्णाला घरी नेतात, याची मला धास्ती वाटते.

त्याऐवजी एक साधा सिटीस्कॅन पुन्हा करून घ्या. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगल्यात का, ते बघायला. मारानंतर काही आठवड्यांनी पाणी साठून शुद्ध अडून राहते आणि त्याच्यावर उपाय आहे. एकदा ईईजी करा, झटके आतल्या आत येत असतील तर बाहेरून दिसत नाहीत. झोपेची औषधं किती चालू आहेत, रक्तातलं सोडियम किती आहे, हेही विचारा. चार आठवडे झाले की अमॅन्टाडिन द्यायचं का, हे न्यूरोच्या डॉक्टरांशी बोला. त्या गोळीने सुधारणेचा वेग वाढतो, हे २०१२ मध्ये १८४ रुग्णांवर तपासलंय. पैसे राखायचे तर फिजिओसाठी, हवेच्या गादीसाठी, नळीतून जाणाऱ्या चांगल्या आहारासाठी राखा.

राहिल्या सासूबाई. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. २००९ मध्ये बेल्जियममध्ये ‘काहीच जाणीव नाही’ असं ठरलेल्या ४४ जणांना ठराविक पद्धतीने पुन्हा तपासलं, तर १८ जणांना थोडी जाणीव होती. त्या तपासणीतली एक गोष्ट आरशाची आहे. एकदा मी खाली वॉर्डात गेले होते, ज्या मुलाच्या एमआरआयवर मी सकाळी २७ तीळ मोजले होते त्याच्याकडे. फिजिओच्या बाईंनी त्याच्या तोंडासमोर हातआरसा धरला आणि हळूच डावीकडे नेला. डोळे एक क्षण थांबले आणि आरशामागे गेले. आरसा उजवीकडे आला, तेही आले. माझा रिपोर्ट तेव्हा टाइपही झाला नव्हता. आज तो मुलगा वडिलांच्या दुकानात बसतो. सुट्टे पैसे अजून बहीणच मोजून देते.

तुम्हीही तसंच करा. प्लॅस्टिकच्या चौकटीचा, तळहातापेक्षा थोडा मोठा आरसा घ्या. सकाळी अंग पुसून झाल्यावर, पाठ उंच करून, खोलीतला टीव्ही बंद करून सासूबाईंनी तो त्याच्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरावा आणि सावकाश फिरवावा. बोलू नये, कारण आवाजाकडे डोळे वळले तर काय कळायचं? तुम्ही वहीत तारीख, वेळ आणि डोळे गेले की नाही एवढंच लिहा. रोज पाच मिनिटं, त्याहून जास्त नको, तो दमेल. आठवड्याची पानं झाली की वही डॉक्टरांना दाखवा, आणि एमआरआयची फिल्म नव्हे, सीडी मागून घ्या.