इतिहासाच्या तासाला उभं राहण्याआधी

प्रभूमध्ये प्रिय,

सप्रेम सलाम. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना जगाचा इतिहास ख्रिस्ती दृष्टीने शिकवायचा आहे, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस.

मी लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायापासून करीन. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची हकिकत सांगण्याआधी लूक काळ पक्का करतो: तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीचं पंधरावं वर्ष, यहूदीयात पंतय पिलात, गालीलात हेरोद, प्रमुख याजक हन्ना आणि कयफा. आपल्या विश्वासाला साल आहे, मुलूख आहे, तेव्हाचे सत्ताधीश आहेत. ज्याचा विश्वास घडलेल्या गोष्टींवर उभा आहे त्याने पुराव्याला घाबरायचं कारण नाही. म्हणून पवित्र शास्त्राचा इतिहास एका वहीत आणि जगाचा दुसऱ्या वहीत, अशी वाटणी करू नकोस.

पर्शियाच्या कोरेश (सायरस) राजाचं उदाहरण घे. इ.स.पूर्व 539 मध्ये त्याने बाबेल जिंकलं. 1879 मध्ये बाबेलच्या अवशेषांत त्याचा मातीचा दंडगोल सापडला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर लिहिलंय की बाबेलच्या मार्दूक देवाने कोरेशाला निवडलं. यशयाच्या 45व्या अध्यायात परमेश्वर त्याच कोरेशाला आपला अभिषिक्त म्हणतो, आणि तू मला ओळखत नव्हतास असंही सांगतो. दोन्ही मजकूर मुलांपुढे ठेव. कोणी लिहिलं, कोणासाठी, त्यातून काय साधायचं होतं, हे त्यांनाच शोधू दे. आणि एक सांभाळ: यहूदी लोकांना परत जाऊ देण्याचा हुकूम या दंडगोलावर आहे असं पुष्कळजण उत्साहाने सांगतात. त्यावर यहूद्यांचं किंवा यरुशलेमचं नाव नाही. परमुलखांतल्या देवमूर्ती आणि माणसं आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचं आहे, आणि एज्राच्या पहिल्या अध्यायात कोरेश यहूद्यांना परत जाऊ देतो, त्याच्याशी ते जुळतं. जेवढं आहे तेवढंच सांग. देवाच्या बाजूने बोलताना खोट्याचा आधार घ्यावा लागत नाही.

खरी कसोटी पुढे आहे, मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती समाजाच्या, पापांपाशी.

1099 च्या जुलैत क्रुसेडच्या, म्हणजे यरुशलेम जिंकायला निघालेल्या युरोपी ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, सैन्याने उपास केला, अनवाणी पायांनी यरुशलेमच्या तटाभोवती मिरवणूक काढली, प्रार्थना केली. आठवडाभराने शहर पडलं आणि त्यांनी आतल्या मुसलमानांची आणि यहूद्यांची कत्तल केली. 1204 मध्ये अशाच एका मोहिमेने कॉन्स्टॅन्टिनोपल लुटलं, म्हणजे ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती शहर लुटलं. इथे तुझ्या तोंडात एक वाक्य येईल, ‘ते खरे ख्रिस्ती नव्हतेच.’ ते गिळून टाक. त्या वाक्याने आपण सुटतो, पण मुलं काहीच शिकत नाहीत. उपास करणारा माणूस आठवड्याभरात हे कसं करू शकला, हा प्रश्न त्यांच्यापुढे उघडाच राहू दे.

गुलामगिरीचा धडा तर घाईने उरकूच नकोस. 1807 हे एकच साल फळ्यावर लिही. त्या वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, आणि विल्यम विल्बरफोर्ससारख्या माणसांनी ती विश्वासापोटी लढून मिळवली होती. त्याच वर्षी लंडनमध्ये कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांसाठी एक निवडक बायबल छापलं गेलं. त्यात मोशेने लोकांना मिसरातून सोडवल्याची हकिकत गाळलेली होती. ज्यांनी ती पानं काढली त्यांना त्या पानांची ताकद पुरती ठाऊक होती! माझ्या मते ख्रिस्ती दृष्टीने इतिहास शिकवण्याचा सगळा अर्थ या दोन घटना शेजारी ठेवण्यात आहे.

तिथेही विल्बरफोर्सला एकटा नायक करू नकोस. ओलाउडा इक्वियानो स्वतः गुलाम होता. 1766 मध्ये त्याने पैसे भरून स्वतःची सुटका करून घेतली आणि 1789 मध्ये आत्मचरित्र छापलं. तोही ख्रिस्ती, आणि त्याची साक्ष भोगलेल्याची. पुढे 1833 च्या कायद्याने गुलामगिरीच रद्द झाली, तेव्हा 2 कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना काही नाही. देवाच्या प्रतिरूपात घडवलेला माणूस, हे उत्पत्तीचं वचन मुलांना पाठ असतं. त्या आकड्यासमोर ते पुन्हा वाचायला सांग.

कोणी विचारेल, ‘मग मी या मंडळीत का राहू?’ बचावाला धावू नकोस. शमुवेलाच्या पुस्तकात दाविदाने बथशेबेशी केलेलं कृत्य आणि तिचा नवरा उरीया याचा घडवून आणलेला मृत्यू, दोन्ही नाव घेऊन लिहिलंय, आणि नाथान संदेष्टा राजाच्या तोंडावर बोललाय. आपल्याच राजाचं पाप लपवायचं नाही, ही शिकवण शास्त्राचीच आहे.

दुसरा मोह म्हणजे प्रत्येक घटनेत देवाचा हेतू आपल्याला कळला असं सांगणं. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनला भूकंप झाला आणि उपासनेला जमलेली माणसं चर्चच्या छताखाली गाडली गेली. ही शिक्षा कोणाला होती, हा वाद युरोपभर पेटला. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठराजण इतरांहून अधिक पापी होते काय, असं प्रभूने विचारलं आणि स्वतःच नाही म्हटलं. देव इतिहासाचा स्वामी आहे हे ठामपणे सांग. अमक्या युद्धात तो कोणाच्या बाजूला होता, हे सांगायचा अधिकार आपल्याला दिलेला नाही.

नकाशाही मोठा ठेव. आफ्रिकेतल्या अक्सूमचा (आजच्या इथिओपियाच्या भागातल्या राज्याचा) राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला. चीनमध्ये शिआनच्या 781 सालच्या शिलालेखात अलोपेन नावाचा धर्मोपदेशक 635 मध्ये तिथे पोचल्याची नोंद आहे. ख्रिस्ती धर्म म्हणजे युरोप, हा समज एवढ्यानेच ढिला होतो.

पहिल्या सहामाहीचा आराखडा तयार झाला की पाठव. 1099 ला आणि 1807 ला तू किती तास दिलेस, ते मी आधी बघेन.

तुझ्यासाठी प्रार्थना करत असलेला,
एक जुना शिक्षक