डोमिसाइलसाठी बारावी हलवायची?

प्रश्न: मी हवाई दलात आहे. आदमपूर, जोरहाट, तांबरम, भूज आणि आता जोधपूर अशा बदल्या झाल्या. मुलीची ही पाचवी शाळा, केंद्रीय विद्यालयात अकरावी सायन्सला आहे. दहावीला 88 टक्के होते, पण सहामाहीत गणितात 80 पैकी 41 पडले. येत्या मे महिन्यात माझी नोकरीची 20 वर्षं पूर्ण होतात आणि मी निवृत्त होतोय. सातारा जिल्ह्यात गावी घर बांधलंय. बारावी महाराष्ट्रातून केली की मुलीला डोमिसाइल, म्हणजे अधिवास प्रमाणपत्र मिळेल, पुण्यात कॉम्प्युटरला प्रवेश होईल आणि ती एकदाची स्थिर होईल. बारावी आणि प्रवेशपरीक्षेचा क्लास एकत्र चालवणाऱ्या एका इंटिग्रेटेड कॉलेजात चौकशीही केलीय. ती कुठंही रुळते, ती काळजी नाही. यंदा मात्र हट्टी झालीय. क्वार्टर सोडताना एमईएसवाले (लष्कराचं बांधकाम खातं) नुकसान लावतात म्हणून आम्ही भिंतीला कधी खिळा ठोकू दिला नाही; हिनं न विचारता खोलीत पुस्तकांची फळी ठोकली. काय करावं?

उत्तर: तुमचं पत्र वाचताना मी गणिताच्या गुणांपाशी नाही, फळीपाशी अडले. सोळा वर्षांची मुलगी आणि पाच क्वार्टर्स. फौजी घरातली मुलं मला भेटतात, त्यामुळे ती खोली डोळ्यांपुढे येते: पांढऱ्या रंगात वडिलांचं नाव-नंबर लिहिलेली काळी ट्रंक, तिच्यावर चादर टाकून केलेलं टेबल, आणि पुस्तकं आतच. पुन्हा बांधावंच लागणार, तर सोडायचं कशाला, हे ही मुलं लहानपणीच शिकतात. तुमच्या मुलीनं यंदा पहिल्यांदा सामान सोडलं. आणि नेमकं आत्ता तुम्ही म्हणताय, चला, स्थिर व्हायला.

स्थिर कोणाला व्हायचंय? तुम्हाला. त्यात गैर काही नाही. एवढी नोकरी केल्यावर स्वतःच्या ओसरीवर बसायचा तुमचा हक्कच आहे. पण ते गाव तुमचं. तिनं ते सुट्टीत, पाहुण्यासारखं पाहिलंय. तिच्या हिशेबात ही आणखी एक बदली, तीही बारावीच्या तोंडावर. ‘ती कुठंही रुळते’ हे वाक्य तर मला खटकलंच. जिला कधी कोणी विचारलं नाही, ती रुळणार नाही तर काय करणार? तिला काय व्हायचंय याबद्दल तुमच्या पत्रात एक शब्द नाही. हट्टीपणाबद्दल मात्र आहे.

आता डोमिसाइल. तुमचा सगळा बेत ज्यावर उभा आहे, ती समजूतच चुकीची आहे. बारावीचं एक वर्ष महाराष्ट्रात काढून अधिवास मिळत नाही. इंजिनिअरिंगच्या कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्यांत ‘टाइप ए’ या गटासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. तिची दहावी बाहेर झालीय, म्हणजे ते दार आता बारावी कुठंही केली तरी उघडत नाही. पण त्याची गरजही नाही. उमेदवार, वडील किंवा आई यांपैकी एकाचं महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र असेल, तर ‘टाइप बी’ हा गट आहेच. तुमचा जन्म आणि शाळा साताऱ्याकडची असेल, तर हे प्रमाणपत्र तुम्ही काढायचंय, तिनं नाही. शिवाय महाराष्ट्राचे अधिवासी असलेल्या आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी 5 टक्के जागा असतात. एनआयटीचं गणित याच्या उलट. तिथं निम्म्या जागा गृहराज्याच्या, आणि गृहराज्य म्हणजे तुमचं गाव नव्हे, बारावी ज्या राज्यातून पास झाली ते राज्य. जोधपूरहून बारावी केली तर ती जयपूरच्या एनआयटीला राजस्थानची, साताऱ्याहून केली तर नागपूरला महाराष्ट्राची. म्हणजे ट्रंका बांधून तुम्ही फार तर जयपूरच्या बदल्यात नागपूर मिळवाल, तेही जेईई मेनमध्ये तेवढे गुण पडले तर. कॅपची माहितीपुस्तिका दरवर्षी नव्यानं निघते. तिच्या प्रवेशाच्या वर्षीची नीट वाचा, गावातल्या पुढाऱ्याला विचारू नका.

इंटिग्रेटेड कॉलेजचं नाव काढून टाका. ज्या मुलीला 41 पडलेत तिला दिवसभर टेस्ट सिरीज नको, तिला शिकवणारं माणूस हवं. नववी-दहावीत कधी वर्षाच्या मध्येच शाळा बदलली होती का? तेव्हा नेमके कोणते धडे बुडाले ते तिच्याकडून काढून घ्या. जोधपूरचे गणिताचे सर तिला पुढच्या वर्षीही मिळाले, तर एकाच शिक्षकाकडे सलग दोन वर्षं शिकणं तिला कदाचित पहिल्यांदाच मिळेल.

एमएचटी-सीईटी (महाराष्ट्राची प्रवेशपरीक्षा) आणि जेईई ती तिथूनही देऊ शकते. सायन्स नकोच म्हणाली, तर सीयूईटी या सामायिक प्रवेशपरीक्षेतून केंद्रीय विद्यापीठं आहेत. एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, 2022 पासून मुलींना खुली आहे, पण तुम्ही सुचवू नका. तिला हवं असेल तर तीच बोलेल.

तिचं मराठी कच्चं राहिलं ही खंत तुमच्या मनात असेलच, बहुतेक फौजी घरांत असते. ते आजीजवळ चार महिन्यांत सुधारतं, त्यासाठी बारावी पणाला लावायची गरज नाही.

तेव्हा मे महिन्यात तुम्ही एकटे गावी जा. निवृत्तीनंतर मुलांच्या शिक्षणासाठी क्वार्टर काही काळ ठेवता येतं का, हे स्टेशनवर आत्ताच विचारा. नाही जमलं तर शाळेजवळ दोन खोल्या भाड्यानं घ्या आणि मायलेकींना वर्षभर तिथंच राहू द्या. फळीचे एमईएस जे लावेल ते भरा, तिला त्यावरून बोलू नका. पुण्यात प्रवेश मिळालाच, तरी ती हॉस्टेलवर राहणार, गावातल्या घरात नाही, हेही आत्ताच मनाशी धरा.

आणि स्वतःच्या अधिवास प्रमाणपत्राचं या सुट्टीतच उरका. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा पुरावा घेऊन सेतूत जा. प्रवेशाच्या दिवसांत तिथं रांगा लागतात आणि सर्व्हर चालत नाही.