आपत्तीतून सावरलेल्या गावांचा अभ्यास वेगवेगळ्या विषयांच्या प्राध्यापकांनी एकत्र कसा करावा?

एका जीपमधून गेलं म्हणजे एकत्र संशोधन झालं, असं प्रकल्पाच्या अर्जातच असतं.

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातला, समाजशास्त्र शिकवायचो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जी ५२ गावं नव्या जागी वसवली, त्यातल्या एका गावात वीसेक वर्षांनी आमचं पथक गेलं. स्थापत्यचे एक सर, मानसशास्त्राच्या मॅडम आणि मी. मी कशाला, तर गावची बोली कळते म्हणून.

मॅडमनी प्रश्नावलीतून एका आजींना विचारलं, "झोप नीट लागते का?"

"लागती की. भाईर."

मॅडमनी 'नीट लागते' वर खूण केली. सर तोवर आत भिंत ठोकून बघत होते. त्यांनी लिहिलं: खोली सुस्थितीत, वापर साठवणुकीसाठी. खरंच आत ज्वारीची पोती होती. बाज बाहेर, पत्र्याच्याही पुढं, उघड्यावर. आत का झोपत नाही, हे विचारलं आमच्या ड्रायव्हरनं. भूकंपाच्या रात्री गणपती बोळवून गाव झोपलं, पहाटे ३:५६ ला दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचं माळवद अंगावर आलं. आजींचं लेकरू त्यात गेलं. तेव्हापासून बाईनं छताखाली पाठ टेकली नव्हती. म्हणजे घर भूकंपरोधक, झोप उत्तम, दोन्ही नोंदी बरोबर!

परतताना मी हे काढलं तर उत्तर आलं, "हा किस्सा आहे, डेटा नाही." निबंधात माझं नाव आभारात, ड्रायव्हरच्या खाली. (त्याचं वर असायलाच हवं होतं.)

तेव्हा एका घरात सगळ्यांनी एकत्र बसा आणि गाव सोडण्याआधी त्याच संध्याकाळी एकमेकांच्या वह्या वाचा. 'लवचीकता' (म्हणजे संकटातून सावरायची ताकद, इंग्रजीत resilience) हा शब्द तिकडं नेऊच नका. अभियंत्याला त्यात भिंत दिसते, अर्थशास्त्रवाल्याला उत्पन्न, गावाला काहीच नाही. "परत कसं उभं राहिलात?" असं विचारा, लोक तासभर बोलतात.

प्रश्नावली नकोच असं माझं म्हणणं नाही. दोनशे घरांची तुलना गप्पांवर होत नाही. मॅडम मेहनतीही होत्या. निधी कुठून मिळवायचा हे मला विचारू नका, मी त्या वाटेला परत गेलो नाही. पण निबंधावर कुणाचं नाव कितवं, हे जीप निघण्याआधी कागदावर घ्या. सह्यांसकट.