एक ऑगस्टच्या आधी

प्रिय बाय,

अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, निदानाचा कागद हातात आला आणि तुझा पहिला प्रश्न होता, "आता नोकरीचं काय?" नोकरी राहू शकते. मात्र ती राखण्यासाठी तू जो मार्ग धरते आहेस, तो चुकीचा आहे. आजार कुणाला कळू नये म्हणून जादा पाळ्या घ्यायच्या, सगळ्यांच्या आधी हजर व्हायचं, रात्री थांबायला कुणी तयार नसेल तर आपण हात वर करायचा. असं केल्याने झोप तुटते, गोळीची वेळ चुकते आणि फिट येते. नव्याने निदान झालेली माणसं कामावर पडतात ती बहुतेकदा अशीच.

सध्या तुझ्या हातात थोडा वेळ आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्यामुळे रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतले मासळी प्रक्रिया कारखाने थंडावलेले असतात. १ ऑगस्टनंतर हवामान बघून होड्या सुटतील, मिरकरवाडा बंदरात माल उतरायला लागेल आणि तुमच्या गुणवत्ता विभागात कुणालाही मान वर करायला फुरसत मिळणार नाही. जे बोलायचं, लिहून घ्यायचं आणि ठरवायचं, ते त्याच्या आत उरकून घे. गर्दीत सवलत मागितली की अडवणूक वाटते. तीच गोष्ट जुलैमध्ये मागितली तर ती पाळीपत्रकाचा भाग होऊन जाते.

आधी गोळी. तुला लेव्हेटिरासिटाम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिली आहे. हे औषध शरीरातून लवकर बाहेर पडतं, साधारण सहा ते आठ तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून दोन गोळ्यांमध्ये बारा तासांचं अंतर सांगतात. आता तुझ्या कामातली अडचण बघ. प्रक्रिया हॉलमध्ये टोपी, मास्क, गमबूट, बिनखिशाचा एप्रन. आत बांगडीसुद्धा चालत नाही, मग गोळी कुठली चालणार! बाहेर यायचं तर एप्रन काढायचा, परत जाताना हात धुवायचे, क्लोरीनच्या पाण्यात पाय बुडवायचे. संध्याकाळी ७ ची वेळ धरलीस आणि त्याच वेळी ट्रे फ्रीझरमध्ये चढत असले तर तू "हे झालं की जाते" म्हणशील आणि साडेनऊ वाजतील. म्हणून गोळीची वेळ घड्याळावर न ठरवता सुट्टीवर ठरव. संध्याकाळचा चहा ६ ला असेल तर सकाळी ६ आणि संध्याकाळी ६. अर्धा-पाऊण तास मागेपुढे झालं तर बिघडत नाही, तीन-चार तासांनी बिघडतं. दिवसातून एकदाच घ्यायची, हळूहळू विरघळणारी गोळीही मिळते. ती तुला चालेल का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचार. ती मोडून किंवा कुटून मात्र कधी घ्यायची नाही.

गोळी राहिलीच तर आठवताक्षणी घ्यायची. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नकोस. तुझ्या औषधासाठी नेमकं काय करायचं, ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घे. आपल्या मनाने गोळी बंद करणं सगळ्यात धोक्याचं. अचानक थांबवली तर एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात. चार पट्ट्या घेतल्या, महिनाभर काही झालं नाही, म्हणून "बरी झाले" असं धरू नकोस. काही झालं नाही ते गोळीमुळेच.

पावसाळ्यात गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरू नकोस, आपल्याकडच्या दमट हवेत काही गोळ्या ओल धरतात. पट्टी तशीच कात्रीने कापून ठेव. एक लॉकरमध्ये, एक प्रयोगशाळेच्या खणात, बाकी खोलीवर. हातात कायम पंधरा दिवसांचा जादा साठा हवा. परशुराम घाट किंवा आंबा घाट दरडीने बंद झाला तर दुकानात माल वेळेवर येईलच असं नाही. शक्यतो दर वेळी त्याच कंपनीची गोळी घे. दुकानदार "तेच आहे, फक्त नाव वेगळं" म्हणाला तर बदलण्याआधी डॉक्टरांना फोन कर.

या औषधाने पहिले काही आठवडे झोपाळल्यासारखं होतं, आणि काहींची चिडचिड वाढते किंवा मन खूप खचतं. हे तुझ्या स्वभावातलं वैगुण्य नाही. घरच्यांना आणि एका मैत्रिणीला आधीच सांगून ठेव, कारण आपली चिडचिड आपल्याला शेवटी कळते. जीव नकोसा वाटला तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोल. औषध बदलता येतं. आणि या आठवड्यांत तापमानाच्या नोंदी दुसऱ्या कुणाकडून तपासून घे. गोठवलेल्या मासळीच्या गाभ्याचं तापमान उणे १८ अंशांच्या जागी उणे ८ लिहिलं गेलं तर अख्खी खेप अडकेल, आणि मग बोट तुझ्या आजाराकडे दाखवलं जाईल.

आता सांगायचं कुणाला. घरून आईचा धोशा असेल, "कुणाला बोलू नको, उद्या लग्न जमायचं नाही." तिची भीती खोटी नाही. कामावरची बातमी एसटीत बसून संध्याकाळपर्यंत वाडीत पोचते. तरी तिला एवढं सांग की हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात अपस्मार हा लग्नातला अडथळा मानला जाई, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला आहे. आणि कामावर सांगायचं म्हणजे गावभर सांगायचं नव्हे. तीन ठिकाणी पुरे: पाळीचे प्रमुख, मनुष्यबळ विभाग, आणि तुझ्या बरोबरीने उभ्या असणाऱ्या दोघीजणी.

मात्र त्यांना आजाराचं नाव सांग. "मला कधी कधी चक्कर येते" हे सोयीचं वाटतं, पण त्यातच धोका आहे. चक्कर म्हटलं की लोक तोंडात साखरपाणी घालतात. फिटमध्ये माणसाला गिळता येत नाही, पाणी श्वासनलिकेत जातं. अर्धवट सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं, आणि न सांगण्यापेक्षा नीट सांगितलेलं बरं.

प्रमुखांना साधारण असं सांग: "मला अपस्माराचं निदान झालंय, औषध सुरू आहे. माझं काम मी पूर्ण करणार आहे. तीन गोष्टी लागतील. सहा महिने रात्रपाळी नको, चहाच्या सुट्टीत गोळीसाठी दहा मिनिटं नक्की हवीत, आणि शीतगृहात एकटीला पाठवू नका." एवढंच. माफी मागू नकोस, लांबण लावू नकोस. तू किती दमतेस, किती घाबरतेस, ते घरी बोल. त्यांना पाळीपत्रक भरायचं असतं, त्यात लिहिता येईल तेवढंच दे. रात्रपाळी टळतच नसेल तर एकच पाळी कायम माग. दर आठवड्याला बदलणारी पाळी सर्वांत वाईट, कारण झोपेची घडी बसतच नाही.

डॉक्टरांचा दाखला घेताना फार जपून. "हलके काम द्यावे" किंवा "विश्रांतीची गरज" असं मोघम लिहिलेला कागद नेऊ नकोस. हलकं काम म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नसतं, मग सुरक्षित बाजू म्हणून तुला घरी बसवतात. दाखल्यात पाच ओळी हव्यात: ही व्यक्ती कामास योग्य आहे, उंचावरचं काम, उघड्या यंत्रावरचं काम, शीतगृहात एकटीचं काम आणि वाहन चालवणं टाळावं, सहा महिने रात्रपाळी टाळावी, औषधाच्या वेळा या, पुन्हा तपासणी अमुक तारखेला. ही शेवटची ओळ विसरू नकोस. तारीख असली की बंधनं तात्पुरती दिसतात, आणि ती उठवून घ्यायची वाटही मोकळी राहते. अर्जासोबत दाखल्याची प्रत दे आणि तुझ्या प्रतीवर पोच घे, शिक्का आणि तारखेसह.

कायद्याचा धाक घालायला जाऊ नकोस. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत, त्यांत अपस्मार हे नाव स्वतंत्रपणे नाही. दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार हा गट आहे, पण प्रमाणपत्र मिळणं त्रासाची तीव्रता किती यावर ठरतं. तुझा पगार २१,००० च्या आत असेल आणि पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर तो हक्क मात्र सरळ आहे: योगदानाच्या सहा महिन्यांत ७८ दिवस भरलेले असले की आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. विमा क्रमांक फोनमध्ये लिहून ठेव.

कामाच्या जागा एकेक करून नजरेखालून घाल. शीतगृह उणे १८ किंवा त्याहून खाली, आणि प्लेट फ्रीझर उणे ३५-४० वर चालतो. आत फिट आली आणि बाहेर कुणाला पत्ता नसला तर फिटपेक्षा थंडीच जीव घेईल. आतून उघडणारी कडी आणि धोक्याची घंटा चालू आहे का, हे बंदीच्या काळातच तपासून घे. पण बेशुद्ध माणूस घंटा वाजवू शकत नाही, म्हणून आत दोघीच जायचं. बर्फ फोडण्याचं यंत्र आणि सरकत्या पट्ट्याचा उघडा भाग, यांच्याजवळ उभं राहून नमुना घ्यायचा नाही, तो ट्रेमधून मागवायचा. जेट्टीवर फळीवरून होडीत चढून मालाचं तापमान घेण्याचं काम सध्या दुसऱ्याकडे दे आणि त्याच्या बदल्यात त्याच्या कागदपत्रांचं काम तू घे. अशी अदलाबदल स्वतःहून सुचवलीस तर सवलतीचा सल कुणाच्या मनात राहत नाही. प्रयोगशाळेत उघड्या ज्योतीऐवजी हॉट प्लेट वापर, आम्लाच्या बाटल्या कंबरेखालच्या फळीवर ठेव.

स्कूटी बंद. हे तुला सगळ्यात जड जाईल, मला कळतंय. परवान्याच्या फॉर्म १ मध्ये अपस्माराबद्दल थेट प्रश्न असतो, तिथे खोटं लिहून गाडी चालवलीस आणि काही झालं तर विमाही हात वर करील. एसटीच्या वेळा बघूनच पाळी माग.

दोघी मैत्रिणींना शिकवायचं ते असं. घड्याळ बघा. आजूबाजूच्या धारदार वस्तू आणि ट्रे दूर करा. डोक्याखाली घडी केलेला एप्रन, तोंडावरचा मास्क काढा. हातपाय दाबून धरू नका. झटके ओसरले की कुशीवर वळवा, लाळ बाहेर येऊ द्या. हॉलची फरशी ओली असते, तोंड पाण्यात किंवा गटाराच्या जाळीवर येत नाही ना, हे आधी पाहा. तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही. कांदा, चप्पल, हातात किल्ली, यांतल्या कशानेही फिट थांबत नाही. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून किल्लीला श्रेय मिळतं. पाच मिनिटं झाली, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, किंवा डोक्याला मार लागला, तर १०८. डॉक्टरांनी फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा दिला असेल तर किती दाब द्यायचे, ते कागदाच्या पट्टीवर ठळक लिहून लॉकरला चिकटव. शुद्ध आल्यावरही अर्धा तास माणूस गोंधळलेला असतो, पूर्ण जागी होऊन नाव-गाव नीट सांगेपर्यंत पाणी द्यायचं नाही. आणि कुणीतरी फोनवर चित्रण करावं, फक्त डॉक्टरांना दाखवण्यासाठी. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी, नॉर्मल येऊनही अपस्मार असू शकतो. बघणाऱ्याने काय पाहिलं, यावर निदानाचा फार मोठा भाग उभा असतो.

ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती. आरत्या कर, फुगड्या घाल, पण जाखडी नाच रात्रभर बघत बसायचं नाही. मध्यरात्रीच्या आत अंथरुणात, सात तास झोप. हरतालिकेचा उपास कडक करू नकोस, पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेतलीच पाहिजे. घरच्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं तर घालू दे, त्याने त्यांना धीर येतो. अट एकच, अंगारा मिळाला म्हणून गोळी थांबणार नाही, आणि कुणी दिलेलं बिननावाचं चूर्ण पोटात जाणार नाही. जुलाब किंवा अंगदुखीसाठी गावातल्या डॉक्टरांकडे गेलीस तर अपस्मार आहे, हे आधी सांग. सिप्रोफ्लॉक्सासिन, ट्रामाडॉल अशा काही औषधांनी फिट येण्याची शक्यता वाढते. न्हाणीघराची कडी आतून लावू नकोस. समुद्रात, नदीत किंवा विहिरीत एकटीने पोहणं नाही.

एक वही कर. फिटची तारीख, वेळ, किती मिनिटं, आदल्या रात्री किती झोप, गोळी चुकली होती का, मासिक पाळीचा कितवा दिवस. काही मुलींना मासिक पाळीच्या आसपास फिट वाढतात, वहीशिवाय ते कळत नाही. पुढे लग्न आणि मूल यांचा विचार असेल तर तोही डॉक्टरांना आत्ताच सांग, कारण अपस्मारावरचंच सोडियम व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भाला घातक ठरू शकतं आणि कार्बामाझेपिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. लेव्हेटिरासिटाम या दोन्ही बाबतींत बरं, तरी फॉलिक ॲसिडचं विचारून घे.

दहांतल्या साधारण सात जणांच्या फिट नियमित औषधाने पूर्ण थांबू शकतात. त्या सातांत यायचं तर पहिलं वर्ष गोळी आणि झोप यांच्यात तडजोड नको. बाकी सगळ्यात, पाळीच्या वेळेत, कागदपत्रांत, निर्यातीच्या तपासणीत, तुझं काम चोख असू दे.

या आठवड्यात तीन कामं कर: डॉक्टरांची वेळ घे, वरच्या पाच ओळींचा दाखला माग, आणि प्रमुखांकडे पंधरा मिनिटं माग, तीही दुपारच्या जेवणानंतर, कारण सकाळी ते तापमान नोंदींत अडकलेले असतात. अर्जाचा मसुदा आधी मला पाठव, मी बघून देते.

तुझी
ताई