वेस्टनच्या ढोबळ्या मिरचीच्या फोटोत एवढं काय आहे? आज कोणीही मोबाईलवर काढेल की!

"कोणीही काढेल" वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. हेच वाक्य मी १९९१ साली मिरजेत माझ्या काकांच्या तोंडून ऐकलंय.

काकांचा स्टुडिओ होता, लग्नं आणि पासपोर्ट. कॉलेज सुटलं की मी तिथे डार्करूममध्ये. एका जुन्या मासिकात अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनचा तो फोटो बघितला, नाव 'पेपर नंबर ३०' (इंग्रजीतलं पेपर, म्हणजे ढोबळी मिरची), ऑगस्ट १९३० मध्ये कॅलिफोर्नियात कार्मेलला काढलेला, आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलीये हे कळल्यावर मी आमच्या घरचं रॉकेलचं नरसाळं उचललं आणि राखेनं घासून चकचकीत केलं. मंडईत मावशींनी वाकड्यातिकड्या मिरच्या बाजूला काढून ठेवल्या होत्या, त्यातल्या तीन घेतल्या, त्यांनी पैसेही घेतले नाहीत.

काकांचा झेनिट कॅमेरा, जवळून काढता यावं म्हणून लेन्समागे एक्स्टेंशन ट्यूब, एफ १६ म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक, शटर बी वर म्हणजे बटण दाबून धरू तोवर उघडं. आधी पांढऱ्या कापडावर ठेवली तर कागदावर चिकटवल्यासारखी दिसायला लागली. मग नरसाळ्यात आडवी ठेवली आणि खिडकीचा उजेड आतल्या पत्र्यावरून फिरून मागून आला, तशी मिरचीची कड सुटी झाली. देठाजवळची घडी काळीकुट्ट, तिच्याखाली फुगवटा आणि त्यावरून एक बारीक पांढरी रेघ खाली घसरत गेलेली. त्या रेघेपायी अख्खा रोल संपवला, ३६ फोटो.

रात्री लाल दिव्यात प्रिंट डेव्हलपरच्या रसायनातून वर यायला लागली तेव्हा काका मागे उभे होते. म्हणाले, "पाठ कुणाची रे ही? पैलवान दिसतोय." म्हटलं काका, मिरची आहे. तर एकदम भडकले, "भाजीचा फोटो? हे कोणीही काढेल, रोलचे पैसे काय झाडाला लागतात?"

अहो काका, पण तुम्हाला पैलवान दिसला ना! तेव्हा हे बोलायची हिंमत नव्हती, आता बोलतो. फोटोला माणूस, देव नाहीतर सीनरी लागते हे काकांचं म्हणणं साफ चूक आहे. अमेरिकन छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅमनं घरात तीन लहान पोरं सांभाळत बागेतल्या फुलांचे फोटो काढले, तिचं १९२५ चं मॅग्नोलियाचं फूल आजही लोक बघत उभे राहतात.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर मोबाईलवर मिरची येईल, जरूर येईल. पण वेस्टननं चारेक दिवसात मिरच्यांच्या किमान तीस निगेटिव्ह केल्या, प्रत्येक ८ बाय १० इंचाची, आणि लेन्सचं छिद्र इतकं बारीक की जवळची घडी आणि मागची कड दोन्ही धारदार यावीत, त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, लांबलचक, तेवढ्यात काही हललं तर निगेटिव्ह गेली. प्रिंट त्याच मापाची, निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली. नंतर त्या मिरच्या त्यानं खाऊनही टाकल्या.

एक मात्र कबूल करतो, लोक त्यात शरीर शोधतात हे खुद्द वेस्टनला आवडायचं नाही, म्हणजे पैलवानाचा मुद्दा माझ्या बाजूनं तितकासा लागू पडत नाही. आणि स्क्रीनवर बघून मत बनवलं असेल तर तुमची फार चूकही नाही, काळ्यातले बारकावे तिथे मरतात.

करून बघा. गुळगुळीत मिरची घेऊ नका, वाकडी शोधा, फ्लॅश बंद, खिडकीपाशी, नरसाळं नसेल तर स्टीलचं पातेलं आडवं ठेवा. लगेच काढा, दुसऱ्या दिवशी साल सुरकुतते. जमला की इथे टाका. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, नजर अजून चांगली आहे, तुमचा फोटो आणि माझी ती प्रिंट शेजारी ठेवून दाखवणार आहे त्यांना.