सशस्त्र घरफोडीत माणूस मारला गेला, तर बाहेर गाडीत बसलेला साथीदारही खुनी ठरतो का?

‘ठरवलं होतं फक्त चोरीचं, गोळी दुसऱ्याने झाडली,’ एवढ्याने सुटका होत नाही; पण केवळ सोबत होता म्हणून प्रत्येक साथीदाराला खुनी ठरवणेही मला न्याय्य वाटत नाही. खुनाला साधारणपणे ठार मारण्याचा किंवा गंभीर इजा करण्याचा हेतू लागतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत मात्र गंभीर गुन्हा करताना मृत्यू झाला, तर मूळ गुन्ह्याचा हेतूच खुनासाठी पुरेसा धरला जातो. इंग्लंडने हा नियम १९५७ साली रद्द केला आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली स्पष्ट केले की साथीदाराला धोक्याची कल्पना असणे हा हेतूचा पुरावा असू शकतो, परंतु ती म्हणजेच हेतू नव्हे.

म्हणून खरा प्रश्न पुराव्याचा असतो. पिस्तूल भरलेले आहे हे त्याला ठाऊक होते का, ते त्यानेच आणून दिले का, घरात माणसे झोपलेली आहेत हे माहीत असूनही तो गाडी सुरू ठेवून थांबला का, आणि गोळीचा आवाज ऐकल्यावर त्याने जखमीसाठी मदत बोलावली की थेट पळ काढला? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८२ साली अशाच एका चालकाची फाशी रद्द केली, कारण त्याने स्वतः मारले नव्हते, मारण्याचा प्रयत्न केला नव्हता आणि तसा हेतूही सिद्ध झाला नव्हता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३(५) खालीही सामायिक इरादा सिद्ध करावा लागतो. तो मात्र ऐनवेळी, घटनास्थळीही निर्माण होऊ शकतो.