सांगलीत राहून नाटकाचा प्रकाशयोजनाकार होता येतं का?

येतं की! पण एकट्या नाटकावर पोट भरेल ही आशा सोडा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच नाटक उभं केलं, त्यामुळे गावात हौशी संस्थांना तोटा नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींना जाऊन बसा. आधी केबल गुंडाळा, स्पॉटलाइट बांधा, मग डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या यंत्रावर, हात बसेल. जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद, बदलताना हातमोजे घाला. हॅलोजनचा चटका मी खाल्लाय. सरळ समोरून उजेड मारला की चेहरा भाकरीसारखा सपाट दिसतो. दोन्ही बाजूंनी, साधारण ४५ अंशांतून द्या. एक पिवळसर, दुसरा निळसर. रीतसर शिकायचं तर पुण्याचं ललित कला केंद्र किंवा दिल्लीचं एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय. तोवर घरभाडं लग्नाच्या स्टेजवर सुटतं, त्यात लाज कसली?